आखणी

नॉटिंगहॅम, 18 मे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आई आवाज बारीक करून म्हणाली, की यंदा गणपतींच्या डोळ्यांच्या आखणीला, बाबांचा हात थरथरतो म्हणून, दादा बसला, आणि त्याने पहिल्या मूर्तीला कुंचला लावला तेव्हा बाबा कारखान्यातून उठून ओट्यावर जाऊन बसले. मला त्यावर काही बोलताच आलं नाही. बाबा, हे पत्र तुमच्या हाताबद्दल आहे. पण आधी माझ्या गुरुवारांबद्दल सांगते, कारण तुमच्यासाठी जे पाठवलंय ते मला तिथे सापडलं.

गेली चार वर्षं आई विचारते, गुरुवारी संध्याकाळी तुझा फोन का लागत नाही. मी "क्लबला जाते" म्हणून विषय बदलायचे. मी तिथे टेबलावरच्या लढाया खेळते. साधारण पाच फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद टेबल, त्यावर फोमच्या टेकड्या, पडक्या भिंती, चिकटवलेलं गवत. दोन्हीकडे अंगठ्याएवढे सैनिक, ज्याने त्याने घरी बसून जोडलेले आणि रंगवलेले. पटासारखी घरं नसतात. टेपने इंच मोजून माणसं पुढे सरकवायची आणि फासे टाकायचे. आई, हिशेब तुला आवडेल. माझ्या शिपायांनी समोरच्या तसल्याच शिपायांवर 36 गोळ्या झाडल्या, म्हणजे 36 फासे टाकले, तर सरासरी 24 नेमावर लागतात, त्यातल्या 12 वर्मी बसतात, आणि चिलखत 8 अडवतं. म्हणजे खरे घाव बसतात फक्त 4. हे डोक्यात ठेवूनच पुढे जायचं की आडोशाला थांबायचं ते ठरवावं लागतं, आणि तरी फासे कधी कधी सगळं उलटंपालटं करतात.

बाबा मागे "खेळणी" म्हणाले होते, ते लागलं मला. हा खेळ पोरवयाचा नाही. 1812 साली फॉन राइसवित्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थांनी राजासाठी असंच लढाईचं टेबल बनवलं, आणि त्यांच्या मुलाने त्यात सुधारणा करून 1824 मध्ये नियम छापले. मुलगा सैन्यात अधिकारी होता. पुढे प्रशियाचे अधिकारी त्याच खेळावर डावपेच शिकले. बापाने मांडलेलं टेबल मुलाने पुढे नेलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ आपल्या कारखान्याचाच विचार करत होते.

आणि नॉटिंगहॅम म्हणजे या छंदाचं पेण आहे. नोकरीसाठी आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गेम्स वर्कशॉप ही यातली सगळ्यात मोठी कंपनी, 1975 ला लंडनात सुरू झालेली. तिचं मुख्य ठाणं आज इथे आहे आणि सैनिकांचे साचेही इथेच भरतात. तिथले कारागीर बाहेर पडले, त्यांनी जवळपास आपापले कारखाने काढले, त्यांच्या हाताखालच्यांनी आणखी. अगदी आपल्याकडे एका कारखान्यातून दुसरा निघतो तसंच. पूर्वी हे सैनिक शिशाच्या मिश्रणातून ओतायचे, म्हणून या भागाला लोक शिशाचा पट्टा म्हणतात. आता बहुतेक प्लास्टिकचे, चौकटीत अडकलेले सुटे हातपाय. कापायचे, साच्याची रेघ खरवडायची, चिकटवायचे. साच्याची रेघ खरवडणं मला कुणी शिकवायला लागलं नाही.

मी खेळते त्याचं नाव वॉरहॅमर 40,000. पहिलं पुस्तक 1987 चं. आई, याची कथा तुला सांगायचीच आहे, तू एकादशीला हरिदासांची कथा ऐकतेस तशी ऐक. फार पुढच्या काळात माणसांचं लाखो ग्रहांवर साम्राज्य आहे. त्यांच्या सम्राटाने आपल्या विद्येने वीस पुत्र घडवले. दोघांची नावं इतिहासातून पुसली गेली, अठरा उरले. सगळ्यात लाडका होरस, तोच उलटला, आणि निम्मे भाऊ त्याच्या बाजूने गेले. शेवटच्या लढाईत होरसने आपला भाऊ सँग्विनियस मारला, बापाने होरसला मारलं, आणि बाप स्वतः मरणाच्या दारात पोचला. तेव्हापासून दहा हजार वर्षं तो सोन्याच्या सिंहासनावर आहे, ना धड जिवंत, ना धड मेलेला. आणि मला सगळ्यात चटका लावतं ते असं, की तो हयातीत सांगत होता, मला देव म्हणू नका, देवपूजाच नको. त्याच्याच नावाने आज देवळं आहेत, आणि त्याला टिकवायला रोज माणसांचे बळी जातात.

या कथेत आपली बाजू अशी कुठलीच नाही. साम्राज्यही क्रूर आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं लिहिलंय. काही जण तो क्रूरपणाच डोक्यावर घेऊन नाचतात, त्यांचा मला संताप येतो. 2021 मध्ये कंपनीलाही जाहीरपणे सांगावं लागलं की साम्राज्याचा द्वेष हा आमचा द्वेष नाही. बरं झालं सांगितलं.

आता रंगाचं. बाबा, "एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या" हे तुमचं वाक्य इथे येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला ऐकवतात, शब्दसुद्धा जवळपास तेच. आधी अस्तर, मग मूळ रंग, मग पाण्यासारखा काळसर रंग सोडायचा, तो खाचाखोचांत आपोआप बसतो, आणि शेवटी कडांना उजळ रेघ. फक्त एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. इथले बरेच जण डोळे आधी काढतात. चेहरा वाटाण्याएवढा, डोळा तिळापेक्षा लहान. पांढरी आडवी रेघ, मध्ये काळा ठिपका, आणि चुकलं तर भोवतीच्या कातडीच्या रंगाने झाकून टाकायचं. सोय मोठी आहे, पण माझा हातच धजेना. पहिले चाळीस सैनिक मी डोळे शेवटी ठेवूनच रंगवले. बाकी सगळं झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हे तुमच्या शेजारी पाटावर बसून मनात इतकं घट्ट बसलंय.

क्लबात एक आजोबा येतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नेपोलियनचे घोडेस्वार रंगवतात. त्यांचा उजवा हात थरथरतो. तरी घोड्याच्या लगामाची रेघ केसाएवढी! कसं जमतं विचारलं तर त्यांनी मला समोर बसवून दाखवलं. कोपरं टेबलावर. बाहुली एका जुन्या बाटलीच्या बुचावर चिकटवून डाव्या हातात. आणि दोन्ही मनगटांच्या गाद्या एकमेकींना घट्ट टेकवलेल्या. मग हात हलला तरी कुंचला आणि बाहुली एकत्रच हलतात, दोघांतलं अंतर तेवढंच राहतं. मी करून पाहिलं. खरंच राहतं.

मोठ्या मूर्तीला हे जमायचं नाही, ती हातात कशी धरणार. पण आपली घरची नऊ इंची शाडूची आहे. डावी मूठ मूर्तीच्याच पाटावर रोवायची, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि करंगळीने आधार घ्यायचा. आधी दोन-तीन कच्च्या मूर्तींवर करून बघा. दादाला बाकीच्या शेकड्याने करू देत, त्याचा हात चांगला आहे आणि तो तुमच्याकडूनच शिकलाय. घरच्या गणपतीचे डोळे मात्र तुम्ही काढावेत असं मला फार वाटतं.

आई, थरथर कशाची आहे ते डॉक्टरांना दाखवायचंच. बाबा "वय झालं" म्हणून टाळतील, तू ऐकू नकोस.

शुक्रवारी पार्सल टाकलंय. त्यात कपाळाला बांधायचं भिंग आहे, वर छोटा दिवा असलेलं, आणि शून्य नंबरचे दोन कुंचले. एक रंगवलेला शिपाईही ठेवलाय, डोळे न काढलेला. दिव्याला रिमोटचे तीन बारीक सेल लागतात. पार्सलमध्ये सेल टाकलेले नाहीत, ते तेवढे बाजारातून आणून ठेवा.

तुमची,
मनू