आबा, कार्डाचा फोटो पाठवा

न्यूरेनबर्ग (जर्मनी), फेब्रुवारी

ती. आबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही होते. व्हिडिओवर चेहरा उतरलेला दिसला तो खोलीतल्या पिवळ्या उजेडामुळे, त्यावरून काही मनात आणू नका. किरणोत्सवाचे फोटो दादानं पाठवले. दिवसभर ते पुन्हा पुन्हा बघत होते.

आई, ‘एवढ्या थंडीत खिडकी उघडी टाकून बसलीस’ म्हणून तू रागावलीस, पण इथं ते करावंच लागतं. सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी. माझ्या भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलंय. घरं इतकी घट्ट बंद असतात की आंघोळीची, भाताची वाफ आतच राहते, गार भिंतीवर तिचं पाणी होतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. खिडकीची मूठ खाली असली की बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की नुसती वरून कलते. कलती ठेवून भागत नाही. हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते, हे घरमालकीणबाई स्वतः येऊन दाखवून गेल्या. वर्गातही सर मधेच उठून खिडकी उघडतात आणि सगळे जॅकेट चढवून बसतात. मी स्वेटर घालूनच उघडते, सर्दी झालेली नाही.

आबा, तुम्ही विचारलंत की हे ट्रेनिंग पोलिसांचं की इंजिनियरचं. इंजिनियरचंच. हॉस्पिटलातल्या मशीनांत बाहेरून कुणी हॅकर शिरू नये, ते बघायचं शिकवतात. परवा टेबलावर सलाइनचा पंप उघडून ठेवला होता. तो कुणाकुणाशी जोडलेला असतो ते कागदावर काढायचं: नर्सचा कॉम्प्युटर, हॉस्पिटलचा सर्व्हर, दुरुस्तीवाल्याचा लॅपटॉप. मग एकेका बाणापाशी थांबून बघायचं, इथून खोटा हुकूम आला तर पंपाला ओळखता येईल का? 2015 साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, असल्याच एका पंपाचा वापर थांबवा असं हॉस्पिटलांना कळवलं होतं, कारण नेटवर्कमधून शिरून औषधाचा डोस बदलणं शक्य होतं. 2023 पासून तिथं नेटला जोडणारं नवं उपकरण मंजुरीला द्यायचं तर आतल्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या भागांची यादी सोबत द्यावी लागते. पुढं एखाद्या भागात दोष निघाला, तर तो कुठल्या मशीनमध्ये आहे हे शोधत बसावं लागत नाही. मला या कामात सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. आपल्याकडच्या दवाखान्यांत अशा याद्या हव्यात, असं रोज वाटतं.

शेजारच्या काकांनी सांगितलं तसं कुणीही उठून मोबाईलवरून पेसमेकर बंद करू शकत नाही. 2017 साली ॲबट कंपनीच्या काही पेसमेकरमध्ये तसला दोष सापडला होता, हे खरं. अमेरिकेतच 4 लाख 65 हजार मशीनं होती. पण कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती आणि ऑपरेशनही लागलं नाही. दवाखान्यात तीनेक मिनिटांत नवं सॉफ्टवेअर घालत, तेवढा वेळ मशीन मिनिटाला 67 ठोक्यांवर चालू राही. मात्र त्यासाठी माणसाला दवाखान्यात जावं लागे. म्हणून मी तुमच्या पेसमेकरच्या फॉलोअपच्या मागं लागते. ऊस तुटायला आलाय हे कारण चालणार नाही. मशीनसोबत मिळालेल्या कार्डावर मॉडेल नंबर आहे, दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, मी बघते आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून देते. आणि मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचं बंद करा. मशीनपासून सहा इंच तरी लांब असू दे.

मशीन बसवलं तेव्हा मी इथं होते आणि दादा एकटा रात्रभर दवाखान्यात बसला. ते मनातून जात नाही, म्हणून एकच गोष्ट चारदा सांगते. रागावू नका.

कर्जाचा हप्ता गेला. उरलेले पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत, त्यातून आधी आबांची तपासणी करा, सोनाराकडं नंतर जा. धाकटीच्या साखरपुड्याला मला खरंच येता येत नाही, त्याच आठवड्यात परीक्षा आहे. हॉलचा खर्च माझ्याकडं. ती फोन उचलत नाही, तिला सांगा की लग्नाला मी आठ दिवस आधी येणार, सुट्टी मंजूर झालीय. आई, थोरलीच्या आधी धाकटीचं म्हणून लोक बोलतील, त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि सांगलीच्या स्थळाला होकार-नकार काही कळवू नकोस, मुलानं आधी माझ्याशी बोलावं. नोकरी सोडायची अट असेल तर मात्र तूच आत्ता नाही म्हणून टाक.

तुमची,
सुमी