घातक चूक दोन-तीन अंशांची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतील कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले, तेव्हा जिल्ह्यातील इतर काही केंद्रे ४४ अंशांच्या आसपास होती. संवेदक (सेन्सर) बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाने केला आणि विषय तिथेच संपला. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदलेला जागतिक उच्चांक ५६.७ अंशांचा असल्याने हा आकडा चुकीचा आहे, हे कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे होते.

माझी चिंता वेगळी आहे. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. दिल्लीच्याच सफदरजंग या मुख्य वेधशाळेचा आकडा ४६.८ होता. तपासणीअंती मुंगेशपूरचा संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. हाच दोष त्या संवेदकात ४२ अंशांच्या दिवशी असता, तर ४५ चा आकडा कोणालाही खटकला नसता आणि तपासणीही झाली नसती. मैदानी भागात ४५ अंशांना उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ३ अंशांचे मोल कळते.

वेधशाळेतील तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा ठेवलेला असतो आणि निरीक्षक तो रोज पाहतो. स्वयंचलित केंद्रातील संवेदक मात्र खांबावरच्या छोट्या आवरणात असतो. त्यावर धूळ साचली, कोळ्यांनी जाळी विणली किंवा शेजारी नवा सिमेंटचा रस्ता झाला, तरी आकडे येतच राहतात आणि ते पाहून कोणाला शंकाही येत नाही.

आपल्या राज्यात तर अशाच स्वयंचलित केंद्रांच्या आकड्यांवर शेतकऱ्यांचे पैसे ठरतात. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत तापमान सलग काही दिवस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तरच केळी, आंबा यांसारख्या पिकांच्या उष्णतेने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते. महसूल मंडळातील केंद्र दीड अंश कमी दाखवत असेल, तर बाग डोळ्यांदेखत करपूनही कागदोपत्री तो दिवस मर्यादेच्या आतच राहतो आणि त्या शेतकऱ्याला दाद मागायला पुरावाच उरत नाही.

म्हणून प्रत्येक केंद्राच्या आकड्यासोबत त्याची प्रमाणित उपकरणाशी शेवटची पडताळणी कधी झाली, तीत किती फरक आढळला आणि केंद्राचा परिसर आज कसा आहे, हे संकेतस्थळावर सर्वांना दिसावे. दुरुस्ती केल्यास मूळ आकडा पुसू नये, तोही कारणासह शेजारी ठेवावा. विमा ज्या केंद्रांवर अवलंबून आहे, त्यांची तपासणी उन्हाळ्यापूर्वी गावातील शेतकऱ्यांसमक्ष व्हावी, अशी हवामान विभागाला आणि राज्याच्या कृषी विभागाला आपल्या दैनिकाद्वारे कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नागपूर