उजवा हात

वसई, ३ जुलै

प्रिय बाळा,

सकाळच्या मिस्साहून आत्ताच आलो. छत्री असून गुडघ्यापर्यंत भिजलो. आई चहा टाकतेय. या पत्रात हाताबद्दल एक अक्षर विचारायचं नाही, असं तिने बजावलंय. म्हणून आजच्या संत थॉमसच्या सणाचंच लिहितो.

फादरांनी प्रवचनात पुन्हा थॉमसची शंकाच काढली, जखमा बघितल्याशिवाय प्रभू येशू उठला हे मानणार नाही म्हणाला होता ती. मला दरवर्षी या माणसाची कीव येते. यहूदियात परत गेलो तर लोक दगड घालतील म्हणून बाकीचे शिष्य कचरत होते, तेव्हा चला, आपणही प्रभूबरोबर मरू, असं म्हणणारा हाच. ते कोणाच्या लक्षात नाही. आणि शंका तरी कसली? उठलेला प्रभू शिष्यांना भेटला त्या संध्याकाळी तो घरात नव्हता. दहा जणांनी पाहिलं, यानं नाही. याला आठ दिवस थांबावं लागलं. आम्हाला अकरा. तेही तुझ्या तोंडून नव्हे, तुझ्या मित्राच्या आईकडून, मासळी बाजारात.

बघ, आलोच तिथे.

आजी असती तर म्हणाली असती, आज कुठला सण, थॉमसचा सण नाताळच्या चार दिवस आधी. १९६९ मध्ये २१ डिसेंबरचा ३ जुलै झाला, पण तिने तो कधी मानला नाही. भर पावसात कसला सण, म्हणायची. तुमच्याकडे चेन्नईत आत्ता कोरडं ऊन असेल. परांची कोरडी असेल, तेवढंच बरं. पण कोरडी असली म्हणून फळीवर भरवसा ठेवू नकोस. बांध बघितल्याशिवाय वर पाय टाकायचा नाही, खाली उभं राहायचं नाही, आणि माणसं खाली असताना वर काम चालू ठेवायचं नाही, मग कॉन्ट्रॅक्टर काही म्हणो. हातमोजे घालतोस ना? व्यायाम सांगितलाय तो रोज करतोस ना? दुखतं म्हणून सोडलास तर बोटं आखडतात, मग आयुष्यभर...

राहू दे. तू इंजिनिअर, मी गवंडी, तुला मी काय परांची शिकवणार. माफ कर.

आणि खरं सांगायचं तर माझं तोंड नाही. तू पोटात होतास तेव्हा मी नालासोपाऱ्याच्या एका कामावर दुसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर पडलो होतो. बरगडी मोडली. आजीला सांगितलं, सायकलवरून घसरलो. आईलाही तेच. एक दिवस मी अंगातला बनियन काढताना आईने पाठ बघितली. काही बोलली नाही. दोन दिवस बोललीच नाही.

थॉमस आम्हा गवंड्यांचाच संत. चित्रात त्याच्या हातात काटकोन बघायचा गुण्या असतो, तुला आठवतं? गोंडोफर्नीस राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले, याने ते गरिबांत वाटून टाकले. राजाने हिशेब मागितला तर म्हणाला, महाल बांधलाय, पण स्वर्गात. माझ्या एकाही मालकाने हे ऐकून घेतलं नसतं. गोष्ट जुन्या पोथीतली आहे, पण राजा खरा. त्याची नाणी सापडली आहेत.

वेलंकणीला जाताना आपण चेन्नईत मैलापूरच्या सान्थोम चर्चला उतरलो होतो. तू सात वर्षांचा. मी आपला कमानींची घडाई बघत होतो. खाली थॉमसच्या कबरीपाशी तू मोठ्याने विचारलंस, आत हाडं आहेत का? मी हो म्हणून तुला गप्प केलं. खरं म्हणजे हाडं फार पूर्वी आजच्या तुर्कस्तानातल्या एडेस्साला गेली, तिथून पुढे ग्रीसच्या खिओस बेटावर, आणि १२५८ साली इटलीत ओर्तोनाला. मैलापूरला थोडेसे अवशेष आहेत, आणि ज्या भाल्याने मारलं म्हणतात त्याचं टोक. म्हणजे शंका तुझी बरोबर होती आणि थाप माझी. लहानपणी तूच सारखा 'दाखवा' म्हणायचास. आता मी म्हणतोय.

त्या मजुराला तू ओढून बाजूला घेतलंस, हे आईने अख्ख्या आळीत सांगितलंय. मी सांगितलं नाही. मला सांगता येत नाही, गळा भरून येतो. पुन्हा असं करू नकोस, असं लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसेलच तुला.

शुभवर्तमानात बघ, थॉमसने जखमेत बोट घातलं असं कुठे लिहिलेलं नाही. प्रभूने हात पुढे केले आणि याच्या तोंडून निघालं, माझा प्रभू व माझा देव. नुसतं बघायला मिळालं, पुरलं. तू पाठवलेल्या तिन्ही फोटोंत उजवा हात खिशात आहे. आई म्हणते, तिच्या लक्षात आलं नाही. तिच्या लक्षात आलंय.

जमलं तर संध्याकाळी सेंट थॉमस माउंटला जाऊन ये, मेट्रोने जा, बाईकने नको. वर पायऱ्यांनी जाणार असशील तर कठडा धर. धरता येतो ना?

रविवारी व्हिडिओ कॉल कर. फोन डाव्या हातात धर.

तुझा
पप्पा