दादा, संबळाला दुसऱ्या वाटा दाखवल्यात त्याबद्दल

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, रियाज चालू आहे ना?" एवढं विचारून फोन ठेवता. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. दुसरंही एक कारण आहे. गोंधळ्यांच्या, वाघ्या-मुरळीच्या, शाहिरांच्या घरातली कितीतरी पोरं आज वाद्य खुंटीला टांगावं का, या विचारात आहेत. त्यांच्यापर्यंत तुमची गोष्ट पोचावी असं वाटतं. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ओळखणारे ओळखतीलच.

२०२० साल आठवतं ना? मार्चमध्ये, चैत्राच्या तोंडावर सगळं बंद झालं. गोंधळ्याचं वर्ष लग्नसराई, जत्रा आणि नवरात्र यांवर उभं असतं. त्या साली तिन्ही गेलं. मंदिरं उघडली ती थेट नोव्हेंबरात, दिवाळी पाडव्याला. आबा, माझे वडील, रोज संध्याकाळी संबळ, म्हणजे देवीच्या गोंधळात काड्यांनी वाजवायची ती चामड्याची जोडवाद्यं, पुसायचे, पाया पडायचे आणि परत फडक्यात बांधून ठेवायचे. घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं.

त्याच दिवसांत तुमचा फोन आला. "एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत करतोय. संबळ पाहिजे. समोर प्रेक्षक नसतील, टाळ्या नसतील. येतोस?"

मी आबांना विचारलं तर ते म्हणाले, "देवीचं वाजिंत्र हाय ते. मशिनीत घालायला न्हाई." तुम्ही मला फोन आबांकडे द्यायला सांगितलात. तुमचं काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही, आबा सांगत नाहीत. पाव तास ते नुसते हुंकार देत होते. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "जा. पर वाजवायच्या आधी पाया पड."

पुण्यातला तो स्टुडिओ मला अजून जसाच्या तसा दिसतो. आत गेलो, संबळ कमरेला बांधला, पहिला ठोका मारला, तर आवाज बसलेला. माझे हात गार पडले. तुम्ही काही न बोलता एसी बंद करायला लावलात. कोपऱ्यातला टेबल लॅम्प ओढून त्याचा पिवळा बल्ब कातड्याजवळ धरून बसलात. मधूनमधून कातड्यावर टिचकी मारायची, कान द्यायचा, परत बल्ब धरायचा. वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर सगळे खोळंबले होते, स्टुडिओचं भाडं तासावर चालू होतं, पण तुम्ही कुणाला घाई करू दिली नाहीत. ढोलकीवर उभा जन्म काढलेला माणूस दुसऱ्याच्या वाद्यासाठी असं बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग तो क्लिक. हेडफोनमध्ये टिक-टिक चालू आणि त्यावर वाजवायचं. गोंधळात लय एका जागी थांबत नाही. नमनाला ती बसकी असते, आख्यान रंगायला लागलं की आपसूक पुढं सरकते आणि पोत, म्हणजे देवीची पेटती मशाल, नाचायला लागला की आणखी चढते. तीन टेक झाले, तिन्ही वेळा मी क्लिकच्या पुढं. काचेपलीकडचे साउंडवाले नम्रपणे म्हणाले, "थोडं पुढं जातंय." तुम्ही म्हणालात, "पुढं जात नाहीये, चढतंय. क्लिक बंद करा."

मी चार मिनिटं मोकळा वाजवलो. नंतर संगणकावर माझ्या ठोक्यांप्रमाणे मात्रांच्या रेघा आखल्या गेल्या आणि बाकीची वाद्यं त्या रेघांवर वाजली. यंत्र संबळाच्या मागून चाललं. हे असं करता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नसल्यामुळं आपलीच लय चुकीची आहे असं मानून किती जणांनी ती सरळ करून टाकली असेल.

त्याच दिवशी शेवटी तुम्ही एक ठोका मागितलात. फक्त एक. वाकड्या टोकाच्या काडीनं खर्जाच्या, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला मारायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हात वर धरून उभं राहायचं. पडद्यावर एक बाई बंद घराचं दार उघडते, तिथं तो ठोका आहे. मी लहानपणापासून माणसं जागी ठेवायला संबळ वाजवत आलो. एका रिकाम्या खोलीसाठी तो वाजू शकतो हे तुम्ही दाखवलंत.

पैसे त्याच संध्याकाळी मिळाले, पावतीवर सही घेऊन. श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं तेही तुम्ही विचारून घेतलंत. त्याच्या आधी एके ठिकाणी मी अख्खा अल्बम वाजवला होता. हातात जाण्यायेण्याचं भाडं पडलं आणि नाव कुठंच नव्हतं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही चहाच्या टपरीवर बसून मला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलावंतांच्या हक्काचं कलम समजावून सांगितलंत. वाजवणाऱ्याचाही आपल्या वादनावर हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो, २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीचाही हक्क दिला, आणि चित्रपटासाठी संमती दिली की बऱ्याच गोष्टी करारावर ठरतात, म्हणून वाचल्याशिवाय सही करायची नाही. तुमच्या हातची ती अर्ध्या पानाची टिपणं मी पाकिटात ठेवली आहेत. आमच्यातल्या निदान दहा जणांनी त्याचा फोटो काढून नेला.

पण दादा, सगळ्यात जास्त आभार मला आबांच्या ध्वनिमुद्रणाबद्दल मानायचे आहेत.

तुम्ही आमच्या घरी आलात ते यंत्रं घेऊन नाही. नुसते आलात, जेवलात. मग मोबाईलवर आबांना जात्यावरची एक ओवी ऐकवलीत. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सोबत्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातली ती एक. आबांनी विचारलं, "ही बाई आता हाय का?" तुम्ही म्हणालात, "माहीत नाही आबा. पण हे बघा, खाली तिचं नाव लिहिलंय. गावही लिहिलंय." आबांनी ती ओवी परत लावायला सांगितली. तिसऱ्यांदाही.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोन माईक आणि एक लहान रेकॉर्डर घेऊन आलात. "दोन ओळी म्हणून दाखवा, आवाज तपासतो," असं तुम्ही आबांना एकदाही म्हणाला नाहीत. नमन वाटेल तेव्हा म्हणायची गोष्ट नव्हे हे तुम्हाला कळत होतं. रात्री चौक मांडला, कलश ठेवला, नागवेलीची पानं लावली, दिवटी पेटली. तोवर तुम्ही भिंतीला टेकून गप्प बसून होतात. आईनं पंखा बंद केला, गल्लीतल्या पोरांना मीच हुसकून आलो. तुणतुण्याची तार नवी होती, सारखी उतरत होती. आबा दर थोड्या वेळानं खुंटी पिळायचे आणि तुम्ही रेकॉर्डर चालूच ठेवायचात. म्हणालात, "हेही राहू दे. तार कशी लावतात तेही ऐकू येईल कुणाला."

असं तीन रात्री चाललं.

नंतर ते कागदावर उतरवण्याचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. मला वाटलं, आठ दिवसांत होईल. जांभूळ आख्यान मी स्वतः कार्यक्रमात वाजवतो, म्हणतो. महोत्सवात वेळ कमी असतो म्हणून ते आठ मिनिटांत बसवलेलं. आबांचं तेच आख्यान पावणेदोन तासांचं निघालं. मी हेडफोन लावून एकेक ओळ लिहीत होतो आणि मला पत्ताच नसलेले प्रसंग येत होते. सवाल-जवाब येत होते. आबांच्या आजोबांच्या काळातले शब्द येत होते. दर रात्री मी आबांजवळ वही घेऊन बसायचो, ह्या शब्दाचा अर्थ काय, इथं लय का बदलली. आबा सांगायचे. बाप-लेकात एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी गोंधळ्याचा मुलगा, पंधरा वर्षं संबळ वाजवतोय, आणि आख्यान मला येत नव्हतं. हे मला कुठल्याच रंगमंचावर कळलं नसतं. तिथं आठ मिनिटांनाही टाळ्या पडत होत्या.

वही आता दोनशे पानांची झाली आहे. पहिल्या पानावर आबांचं नाव आहे, मग गाव, मग ते कुणाकडून शिकले त्यांचं नाव.

बाकीचीही कामं तुमच्याच बोटाला धरून झाली. नाटकाच्या चाळीस दिवसांच्या तालमीत नटाच्या श्वासावर वाजवायला शिकलो. आकाशवाणीच्या श्रवणचाचणीचा अर्ज तुम्ही समोर बसून भरून घेतलात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीबद्दल मला पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळलं, की गोंधळ, भारूड, लावणी, पोवाडा हे तिथं अभ्यासाला आहे. पदवीवाल्यांना आपण काय सांगणार, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर रागावलात. विठ्ठल उमपांचं उदाहरण दिलंत. माणूस शाहिरी करायचा, गायचा, आख्यान रंगभूमीवर उभं करायचा, चित्रपटात कामही करायचा, आणि कुठंही गेला तरी लोककलावंत म्हणूनच उभा राहायचा.

आणि ती कर्णबधिर मुलांची शाळा. तुम्ही कित्येक वर्षं तिथं ढोलकी घेऊन जाता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलांपुढं काय वाजवायचं, म्हणून मी दारातच अडखळलो. तुम्ही संबळ लाकडी पाटावर ठेवायला लावलात आणि मुलांना पाटावर तळवे टेकवायला सांगितलंत. मी खर्ज वाजवला. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, तिनं आधी तळवा टेकवला, मग कोपर, मग डोकं खाली नेऊन गालच पाटाला लावला. मी लय बदलली की ती डोळे उघडून माझ्याकडं बघायची आणि बोटानं तीच लय माझ्या गुडघ्यावर वाजवून दाखवायची. एकही मात्रा चुकली नाही. परत येताना एसटीत मी तुमच्याशी बोलू शकलो नाही. तुम्हीही खिडकीबाहेर बघत होतात.

आता त्या शाळेत महिन्यातून एकदा मी एकटा जातो. ती मुलगी संबळ स्वतः वाजवते.

दादा, संबळाच्या खर्जाच्या बाजूचं कातडं मागच्या आठवड्यात बदललं. आवाज अजून मोकळा झालेला नाही, रोज तासभर वाजवतोय. नवरात्रात आबा तिसऱ्या माळेला ते आख्यान पूर्ण लावणार आहेत, पावणेदोन तासांचं. मागं झील धरायला, म्हणजे त्यांच्या मागून सूर ओढायला, मी आणि धाकटा आहोत. आबांनी निरोप दिलाय, "त्यान्ला म्हणावं, ह्या बारीला यंत्र आणू नका. नुसते या आन म्होरं बसा."

वाट बघतो.

तुमचाच,
संबळवाला