जादुई समुद्रावरच्या खलाशांची कामं परत द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सागरी खेळाच्या नव्या अपडेटबद्दल तक्रार आणि जुनी आवृत्ती परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

तुमचा जादुई समुद्रावरचा खेळ मी गेल्या वर्षी पूर्ण पैसे भरून घेतला. मी स्वतः 14 वर्षं मालवाहू जहाजांवर डेकवर काम केलं आहे. समुद्रावरचे खेळ मी सहसा घेत नाही. त्यांत तोफा आणि खजिना असतो, जहाज चालवणारी माणसं नसतात. तुमच्या जाहिरातीत मात्र ‘खलाशाचं रोजचं आयुष्य’ असं ठळक लिहिलं होतं. आठ महिने तुम्ही तो शब्द पाळलात. गेल्या महिन्यातल्या अपडेटनं तो मोडला.

आधी खोली मोजण्याबद्दल. पूर्वी धुकं गाऊ लागलं की एक खलाशी कठड्याशी उभा राहून शिशाचं वजन पाण्यात सोडायचा. दोरीला दोन वावांवर (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन, पाचावर पांढरं कापड, साताला लाल, खऱ्या शिडाच्या जहाजांवर असायच्या तशाच. काळोखात रंग दिसत नाही, पण चामडं आणि कापड बोटांना वेगवेगळं लागतं. वजनाच्या बुडाशी खोबण, तिच्यात चरबी. तळाची वाळू, शिंपले, चिखल तिला चिकटून वर येणार आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ताडायचं. एका रात्री सात वावांवर वजन टेकलं. वर ओढलं, तर चरबीला काळे, लांब केस चिकटलेले. माझा मुलगा शेजारी बसला होता. दोघांपैकी कुणीच बोललं नाही. जहाज खोल पाण्यात जाईपर्यंत त्यानं माझा दंड सोडला नाही.

आता नकाशावर लाल ठिपका दिसतो. खाली कोण आहे, किती खोल आहे, सगळं आधीच माहीत. मग भ्यायचं कशाला?

पहाऱ्यांचंही तेच. बाकीचे पहारे चार-चार तासांचे, पण संध्याकाळचा चार ते आठचा पहारा दोन-दोन तासांत तोडलेला होता. त्यामुळे दिवसाचे सात पहारे होतात आणि दोन पाळ्यांपैकी एकीच्याच वाट्याला रोज मध्यरात्र येत नाही. हे बारकाईनं केलेलं काम होतं. बारा ते चारच्या पहाऱ्यात खलाशी पेंगायचा आणि पेंगणाऱ्यालाच पाण्यातून घरच्या माणसाची हाक यायची. ज्याला हे सुचलं तो कधीतरी रात्री डेकवर एकटा उभा राहिला असणार. साडेतीनच्या सुमाराला इंजिनाच्या घरघरीत आपलं नाव ऐकू येतं. मी ऐकलं आहे. आता तुमचे खलाशी झोपतच नाहीत. दमले की वेगळे पैसे भरून जादूचं पेय विकत घ्यायचं. मूळ किमतीत जे होतं ते काढून घेऊन त्याच्या जागी हे विकणं मला अन्यायाचं वाटतं.

सर्वांत जास्त लागलं ते खलाशाच्या मरणाबद्दल. आधी कुणी गेला की त्याला शिडाच्या कापडात शिवून, पायाशी वजन बांधून समुद्राच्या स्वाधीन करायचे. मग डोलकाठीशी त्याची पेटी उघडायची, सोबती त्याच्या वस्तू लिलावात घ्यायचे आणि आलेले पैसे त्याच्या घरच्यांसाठी बाजूला ठेवायचे. शिडाच्या काळात जहाजांवर खरोखर अशी रीत होती. माझा सुकाणूवाला लाटेबरोबर गेला तेव्हा पेटीत सुई-दोरा आणि एकच विणून झालेला मोजा निघाला. त्या मोज्यावर सगळ्यांनी बोली लावली. आता कोपऱ्यातला 23 चा आकडा 22 होतो. बस्स.

मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ‘खेळ आता अधिक वेगवान झाला आहे’ एवढंच उत्तर आलं. वेग मी मागितला नव्हता. जादूचा समुद्र खरा वाटायचा तो त्या दोरीमुळे, त्या पहाऱ्यामुळे, जहाजात शिरलेल्या पाण्याचा उपसा करून सोललेल्या हातांमुळे. तेच काढल्यावर उरलं ते निळं चित्र.

माझी मागणी अशी : जुनी आवृत्ती पर्याय म्हणून खुली करा आणि अपडेटनंतर बंद पडलेला माझा आठ महिन्यांचा प्रवास परत सुरू करून द्या. ते जमत नसेल तर संपूर्ण रक्कम परत करा. 15 दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. बिल आणि दोन्ही उत्तरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

शक्यतो प्रवासच परत द्या. त्यात तीन पेट्यांचे पैसे अजून घरी पोचवायचे राहिले आहेत.

आपला,
एक ग्राहक