गाडीचा विसार क्रेडिट कार्डाने का भरला

लेस्टर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीच्या विसाराचे 500 पौंड मी क्रेडिट कार्डाने भरले, हे ऐकून बाबा फोनवर एकदम गप्प झाले. आप्पांच्या दुकानाचे जे झाले त्यानंतर आपल्या घरात उधारीला थारा राहिला नाही, हे मी विसरलेले नाही. कार्डाचे पूर्ण बिल दर महिन्याला माझ्या खात्यातून आपोआप वळते होते, त्यामुळे व्याजाचा प्रश्नच येत नाही. तरीही बाबांच्या मनात किंतु राहू नये, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे ब्रिटनमध्ये 1974 चा ग्राहक कर्ज कायदा आहे. त्याच्या कलम 75 नुसार, 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू घेताना किमतीचा थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला, तरी विक्रेत्याने करार मोडल्यास किंवा खोटी माहिती देऊन वस्तू विकल्यास कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. आपली गाडी 9,400 पौंडांची आहे. कार्डावर 500 पौंडच गेले असले, तरी बँकेची जबाबदारी पूर्ण 9,400 पौंडांच्या व्यवहाराची आहे. डेबिट कार्डाने भरले असते तर पैसे परत मागण्याची सोय कार्ड कंपन्यांच्या नियमांपुरती असती. त्याला बहुधा 120 दिवसांची मुदत असते आणि कार्डाने दिले तेवढ्याच रकमेचा विचार होतो. मला हा कायदा फार न्याय्य वाटतो, कारण प्रत्येक विक्रीवर बँक कमावते आणि विक्रेत्याची पत जोखणे तिला जमते. माझ्यासारख्या एकट्या ग्राहकाला ते जमणार नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने विसार थेट विक्रेत्याच्या खात्यात पाठवला, आणि गाडी मिळण्याआधीच त्याचा धंदा बुडाला. आता ते इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे आहेत. ते पाहिल्यावर माझा निर्णय झाला.

आई, गाडी जावयांच्या नावावर का नाही, असे तू विचारलेस. त्यात त्यांचा मान कमी करण्याचा विचार मुळीच नाही. कार्ड ज्याच्या नावावर, करारही त्याच्याच नावावर असला म्हणजे बँकेला हात झटकायला जागा उरत नाही. एकाचे कार्ड आणि दुसऱ्याची खरेदी असली की वाद निघू शकतो. म्हणून दोन्ही माझ्या नावावर आहेत.

माझे मन बदलले तर हे कलम विसार परत मिळवून देणार नाही, म्हणून सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या वार्षिक तपासण्यांची नोंद वाचूनच मी होकार दिला. गाडी सदोष निघाली, तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात.

बाबा, मुदत ठेव मोडून पैसे पाठवण्याची तुमची तयारी पाहून मला रात्री झोप लागली नाही. शाळेच्या सहलीसाठी तुम्ही स्वतःचे बूट घेणे लांबवलेत, ते मला कळत नव्हते असे समजू नका. आता ती ठेव तुमच्या औषधपाण्यासाठीच राहू द्या. ती मोडायची नाही, हे मी निक्षून सांगते आहे.

गाडीची बैठक उंच आहे, त्यामुळे आईला गुडघे फार वाकवावे लागणार नाहीत. पुढच्या दोन्ही बैठका गरम होतात, आणि मागे बाबांची काठी आणि चाकांची खुर्ची सहज मावेल. उन्हाळ्यात याल तेव्हा बसथांब्यावर वाऱ्यात उभे राहावे लागणार नाही.

एवढे मात्र कटाक्षाने पाळा. माझे ऐकून तिकडे कार्डाने मोठे व्यवहार करू नका. भारतात या कलमासारखा कायदा नाही. विसार द्यायची वेळ आली, तर लेखी पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी. आणि बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

कराराची प्रत दादाच्या पत्त्यावर पाठवली आहे. तो रविवारी येईल तेव्हा त्याच्याकडून वाचून घ्या, आणि काही खटकले तर मला निःसंकोच विचारा.

तुमची लेक