स्कूबी-डूचा ब्राझिली आवाज

महोदय,

परदेशी कलावंतांवरील लेखांत डबिंग कलाकार क्वचितच येतात, म्हणून ब्राझीलच्या ओर्लांदो द्रुमोंद यांचे स्मरण करून द्यावेसे वाटते. रिओ दि जानेरो येथे १९१९ मध्ये जन्मलेले द्रुमोंद १९४२ मध्ये रेडिओ तुपीत ध्वनिपरिणाम सांभाळणारे साहाय्यक म्हणून लागले. पुढे त्यांनी पोर्तुगीज डबिंगमध्ये स्कूबी-डू या कार्टूनमधल्या कुत्र्याला पस्तीसहून अधिक वर्षे आवाज दिला आणि एकाच पात्राच्या या प्रदीर्घ सोबतीची नोंद गिनेस बुकानेही घेतली. कार्टूनमधल्या पॉपाय या खलाशाचा आवाजही त्यांचाच. दूरचित्रवाणीवरील ‘सेऊ पेरू’ या विनोदी भूमिकेने त्यांचा चेहरा घरोघरी पोचला हे खरे, पण माझ्या मते त्यांचे मोठेपण त्या भित्र्या कुत्र्याच्या घोगऱ्या आवाजात अधिक आहे. जुलै २०२१ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी ते निवर्तले.

– एक वाचक, ठाणे